संशयाचा बडग्या



माझ्या शहरातल्या एका पहाटेपासून सुरुवात करतो. १ जून २००६, गुरुवार. नवतपा संपत आला होता. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरच्या भरवशावर खोलीत घुसमटण्यापेक्षा गच्चीवर अंथरूण टाकणारी माणसं आमच्या मोहल्ल्यात तेव्हा बरीच होती. मीही त्यांतलाच. घर महालला लागून, भालदारपुऱ्यात. फजरच्या नमाजाची वेळ होत आली होती. चारच्या सुमारास लांबून फटाके फुटल्यासारखा आवाज आला. लग्नसराईचे दिवस. कुणाची वरात उशिरा परतली असेल असं समजून मी कूस बदलली.

ती वरात नव्हती. पोलिसांचा गणवेश घातलेले तीन सशस्त्र तरुण दिव्याच्या पांढऱ्या अॅम्बेसेडर गाडीतून राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या महालातल्या मुख्यालयाकडे निघाले होते. गस्तीवरच्या पोलिसांना ती गाडी वावगी वाटली. त्यांनी पाठलाग केला, हटकलं, गोळीबार झाला आणि तिघंही मारले गेले. त्यांच्याजवळ एके ५६ रायफली, हातबॉम्ब आणि स्फोटकं सापडली. हे सगळं माझ्या गच्चीपासून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर घडलं होतं, आणि मी झोपेच्या गुंगीत त्याला वरात समजलो होतो.

सहा वाजेपर्यंत बातमी टीव्हीवर आली. साडेसहाला मोहल्ल्यात अशी शांतता होती की नळाची धार ऐकू यावी. नेहमी उघडणारी दुकानं अर्ध्या शटरवर थांबलेली. जो तो दाराच्या फटीतून बाहेर बघत होता. आमच्या मनात काय होतं ते स्पष्टच सांगतो. हल्ला फसला याचं समाधान होतं. पण त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला, तो घाबरवणारा होता. हल्लेखोरांची नावं आता बाहेर येतील. ती आमच्या नावांसारखी असतील. मग?

तेवढ्यात कडी वाजली. दारात शेजारचे गुरुजी. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले, धोतर, पायात स्लीपर, हातात आदल्या दिवशीचा पेपर. म्हणाले, ‘‘चहा आहे काय रे बाबू? आमच्याकडला गॅस संपला.’’

आत या म्हटलं तर आत आले नाहीत. ओट्यावरच बसले, अगदी रस्त्याच्या कडेला. चहा आला. तो बशीत ओतून त्यांनी सावकाश प्यायला. मग आणखी अर्धा कप मागितला. बोलले कशाबद्दल? नळाला पाणी कमी येतं त्याबद्दल, स्वतःच्या गुडघ्याबद्दल, यंदा संत्र्याच्या मृग बहाराचं काय होईल त्याबद्दल. पहाटेच्या घटनेबद्दल चकार शब्द नाही. जवळजवळ तासभर ते तिथे बसून होते. येणारे-जाणारे बघत होते. कुणी थांबलं, कुणी नमस्कार केला, कुणी सलाम. समोरच्या किराणावाल्यानं शटर पूर्ण वर केलं. मग त्याच्या शेजारच्यानंही केलं.

गुरुजी वारल्यानंतर एकदा त्या सकाळची आठवण निघाली. काकू हसल्या. म्हणाल्या, ‘‘गॅस कायचा संपला होता जी! दोन दिवसांआधीच तर सिलिंडर लावलं होतं.’’

आजच्या बोलण्याचा विषय आहे दहशतवाद आणि शहरांनी त्याला दिलेलं उत्तर. या विषयावर बोलायला मी काही तज्ज्ञ नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, मराठीत कविता लिहिणारा साधा माणूस. पण माझ्यापुरतं उत्तर मला त्या ओट्यावर दिसलं होतं. ते ओळखायला मात्र बरीच वर्षं गेली. मधल्या काळात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्याच आज सांगायच्या आहेत.

त्याच आठवड्यात कार्यालयात एका सहकाऱ्यानं विचारलं, ‘‘तुम्हा लोकांचं काय म्हणणं आहे याच्यावर?’’ माणूस वाईट नव्हता. माझ्या मुलीच्या आजारपणात रात्री दवाखान्यात बसलेला माणूस. पण ‘तुझं काय म्हणणं’ असं त्यानं विचारलं नाही, ‘तुम्हा लोकांचं’ असं विचारलं. त्या एका अनेकवचनात मी एकदम टेबलाच्या पलीकडे गेलो. बॉम्बनं माणूस मरतो. असं अनेकवचन फक्त खुर्च्या दूर सरकवतं. पण बॉम्ब ठेवणाऱ्याला जे हवं असतं, ते या सरकलेल्या खुर्च्यांतूनच त्याच्या पदरात पडतं.

मी काय केलं? निषेध केला. तो तर मनापासूनच होता. पण तेवढ्यावर थांबलो नाही. कविता लिहिली. महिनाभरात एका कवी संमेलनात वाचली. टाळ्या पडल्या, लोक उठून भेटायला आले. एक वयस्क गृहस्थ हात हातात घेऊन म्हणाले, ‘‘तुमच्यासारखे सगळे असते तर!’’ घरी येईपर्यंत ते वाक्य घशात अडकलं होतं. कविता पुन्हा काढून वाचली. तिच्यात दुःख नव्हतं, अर्ज होता. ‘मला तुमच्यातला समजा’ असा अर्ज, सोबत पुरावे जोडलेला. ती कविता माझ्या कुठल्याही संग्रहात नाही. निषेध करू नये असं मी म्हणत नाही. निरपराध माणसं मारणाऱ्याचा निषेध करायलाच हवा, आणि त्याच्या धर्माच्या माणसानं तर जरा मोठ्या आवाजात करावा. पण निषेध हा दाखला झाला की त्यातला जीव जातो.

त्या कवितेला महिना झाला नाही तोच मुंबई हादरली. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी लोकलगाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली, शेकडो जखमी झाली. पाऊस पडत होता. पोलीस आणि रुग्णवाहिका पोहोचण्याआधी रुळांलगतच्या झोपडपट्ट्यांतली माणसं अंगावर पांघरायच्या चादरी घेऊन धावली. त्या चादरींच्या झोळ्या करून त्यांनी जखमींना उचललं. या माणसांना कुणी विचारलं नव्हतं की तुमचं काय म्हणणं आहे. त्यांनीही उचलण्याआधी कुणाचं नाव विचारलं नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीही तेच. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू असताना विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक माइक सोडून पळाले नाहीत, प्रवाशांना कोणत्या बाजूनं बाहेर पडायचं ते सांगत राहिले. त्याच स्थानकात ‘छोटू चहावाला’ म्हणून ओळखला जाणारा महंमद तौफिक शेख जखमींना दवाखान्यात पोहोचवत होता. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या झेलल्या, पण कसाबची बंदूक सोडली नाही. शहराचं पहिलं उत्तर असं हातांनी दिलेलं असतं. ते बहुतेक वेळा चांगलंच असतं. अडचण सुरू होते ती दुसऱ्या दिवशी, बोलायला सुरुवात झाल्यावर.

त्या हल्ल्यानंतर एक प्रश्न उभा राहिला होता. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांचं दफन कुठे करायचं? मुंबईच्या जामा मस्जिद ट्रस्टनं सांगितलं, आमच्या कब्रस्तानात यांना जागा नाही. निरपराधांचे खून करणारे आमचे नव्हेत. ते मृतदेह वर्षभराहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून होते. जानेवारी २०१० मध्ये त्यांचं गुप्तपणे दफन झालं, हे पुढे एप्रिलमध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी सभागृहात सांगितलं. त्या वर्षीची बकरी ईद हल्ल्यानंतर दोनच आठवड्यांनी आली. मुंबईत अनेकांनी दंडाला काळ्या फिती लावून नमाज अदा केली.

आमच्या घरात यावर वाद झाला. मला ट्रस्टचा निर्णय पटला होता, अभिमानही वाटला होता. अम्मी मात्र गप्प होती. पाच वेळच्या नमाजाची बाई. कुणाची मय्यत असो, तिच्या तोंडून दुवाच निघायची. मी तिला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, ‘‘मिट्टी किसी की दुश्मन नहीं रहती, बेटा.’’ थोडा वेळ गेला. मग म्हणाली, ‘‘पर ये बात मेरे कहने की नहीं. जिनके बच्चे गए, उन माँओं से पूछ.’’

एवढं बोलून ती तांदूळ निवडायला बसली. तिनं ट्रस्टला चूक म्हटलं नाही, बरोबरही म्हटलं नाही. आधी कुणाचं दुःख, ते तिनं ठरवून टाकलं. माझ्या निषेधाच्या कवितेत मरणाऱ्यांची आई कुठेच नव्हती. सगळीकडे मीच होतो.

आता मला सगळ्यात जड जाणारी गोष्ट सांगतो. डिसेंबर २००८, मुंबईच्या हल्ल्याला दोनेक आठवडे झाले होते. गणेशपेठच्या एसटी स्टँडवर मी यवतमाळच्या गाडीची वाट बघत होतो. बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा, अशी सूचना स्पीकरवरून सारखी चालू होती. समोरच्या बाकाखाली एका तरुणानं रेग्झीनची मोठी बॅग सरकवली आणि तो निघून गेला. वीस-बावीस वर्षांचा असेल. दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. पाच मिनिटं झाली, तो येईना. माझ्या पोटात गोळा आला. मी उठून हवालदाराला सांगितलं.

हवालदारानं लोकांना मागे सरकवलं. तेवढ्यात तो मुलगा पाण्याची बाटली भरून परत आला. त्याला बॅग उघडायला लावली. आत काय होतं? एक लुंगी, दोन चादरी, स्टीलचा डबा, एक्स-रेचं मोठं पाकीट. वडील ‘मेडिकल’मध्ये भरती होते, आणि घरून सामान घेऊन तो परत चालला होता. हवालदार भला माणूस. म्हणाला, ‘‘वाईट वाटून घेऊ नको बेटा, आमचं कामच आहे.’’ मुलानं मान हलवली. मग त्यानं भोवती पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली. आल्या-आल्या त्यानंच मला सलाम केला होता. मी ओळख नसताना त्याला उत्तरही दिलं होतं.

मी नजर वळवली आणि दुसऱ्या फलाटावर जाऊन उभा राहिलो. तिथून पाहिलं. फरशीवर पसरलेल्या चादरी तो एकटा गोळा करत होता. एक नऊवारीतली म्हातारी उठली, खाली बसली आणि तिनं त्याला चादरीच्या घड्या घालून दिल्या.

मी पोलिसांना सांगितलं यात चूक नव्हती, असं मला आजही वाटतं. बॅग सोडून माणूस गेला तर सांगायलाच हवं. पण स्वतःला दोन प्रश्न मी आजवर विचारत आलो आहे. दाढी नसती तर मला ती बॅग दिसली असती का? आणि बॅगेत लुंगी निघाल्यावर घडी घालायला मी का गेलो नाही?

दक्षता आणि संशय यांत फरक आहे, आणि तो १ जूनच्या त्या पहाटेनं आधीच शिकवून ठेवला होता. हल्लेखोरांच्या अंगावर पोलिसांचाच गणवेश होता, गाडीवर दिवा होता. नुसत्या कपड्यांवर विसंबून राहिले असते, तर पोलिसांनी सलाम ठोकून ती गाडी जाऊ दिली असती. त्यांनी पोशाख सोडून वागणं पाहिलं, म्हणून पुढचा अनर्थ टळला. दक्षता वागणं बघते, संशय दाढी बघतो. दक्षतेचं काम बॅग उघडली की संपतं, आणि मग ती घडी घालायला खाली बसू शकते. संशय मात्र रिकाम्या बॅगेनंही मिटत नाही.

संशयाची किंमत किती लांबवर मोजावी लागते, ते आपल्याच राज्यातल्या मालेगावनं दाखवलं. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा शुक्रवार. जुम्म्याच्या नमाजानंतर बडा कब्रस्तानाच्या परिसरात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसं गेली. मारले गेलेले मुसलमान, आणि पकडले गेलेले नऊ जणही मुसलमान. त्यांतल्या बहुतेकांना जामीन मिळायला २०११ साल उजाडलं. पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या तपासात वेगळीच दिशा समोर आली आणि २०१६ मध्ये न्यायालयानं त्यांना आरोपमुक्त केलं. तोवर एकजण हयातही नव्हता.

२०२५ च्या जुलैत, दहा दिवसांच्या अंतरानं दोन निकाल आले. २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयानं लोकल स्फोटांच्या खटल्यातल्या सगळ्या बारा जणांना निर्दोष ठरवलं. ते प्रकरण आता सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. ३१ तारखेला मालेगावच्या २००८ च्या स्फोट खटल्यात विशेष न्यायालयानं सातही आरोपींची मुक्तता केली. एका निकालावर एका बाजूचे लोक खूश, दुसऱ्यावर दुसऱ्या बाजूचे. मला मात्र दोन्ही दिवशी अम्मीचं वाक्य आठवलं. ज्यांची मुलं गेली त्या आयांना काय मिळालं? इतकी वर्षं थांबून त्यांना अजून हेही कळलं नाही की आपलं घर कुणी उजाडलं. न्यायालयाआधी आपण गुन्हेगार ठरवायचे, आणि न्यायालयानंतर आपापल्या बाजूच्या निकालावर पेढे वाटायचे, हे काही शहराचं उत्तर नव्हे.

नागपूरच्या श्रोत्यांना मारबतीबद्दल वेगळं सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. रोगराई, ईडापीडा सोबत घेऊन जा, असं तिला ओरडून सांगतात आणि गावाबाहेर नेऊन जाळतात. सोबत बडगे निघतात. ज्या वर्षी जो त्रास, त्याचा बडग्या. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, दहशतवादाचाही. लहानपणी मी वडिलांच्या खांद्यावर बसून ती मिरवणूक पाहिली आहे. पण इतक्या वर्षांत संशयाचा बडग्या मी कधी पाहिला नाही. तो कोण काढणार? तो तर प्रत्येकाच्या घरात बसलेला. त्याला चौकात आणता येत नाही. घरातल्या घरातच, हळूच, मागच्या दारानं काढावा लागतो.

हे मला दुसऱ्यांदा कळलं ते मार्च २०२५ मध्ये. १७ तारखेला औरंगजेबाच्या कबरीवरून महालात आंदोलन झालं. मग धार्मिक मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा पसरली आणि संध्याकाळी महाल, चिटणीस पार्क, हंसापुरी पेटलं. दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, अनेक पोलीस जखमी झाले, एका माणसाचा जीव गेला. कित्येक भागांत संचारबंदी लागली. २००६ मध्ये एके ५६ घेऊन आलेल्या तिघांना जे करता आलं नव्हतं, ते एकोणीस वर्षांनी एका अफवेनं करून दाखवलं. त्या रात्री मला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटली.

रमजान चालू होता. गुरुजी जाऊन बरीच वर्षं झालेली. शेजारी आता त्यांचा मुलगा आणि सून राहतात. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. एरवी त्या भिंतीवरून वाटी-भांडं रोज इकडून तिकडे जातं. संचारबंदीचे पहिले दोन दिवस काहीच गेलं नाही. त्यांच्या खिडक्या बंद, आमच्याही बंद. ते आमच्याबद्दल काय विचार करत असतील, असा विचार मी करत होतो. बहुधा तेही तसाच करत असतील. याच्या-त्याच्या मोबाइलवरून येणारं विष दोन्ही घरांत येतच होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे सहरीच्या वेळी मी उठलो. फ्रिजमध्ये लिटरभर दूध होतं. ते तसंच ठेवलं. रिकामं पातेलं घेतलं आणि भिंतीपाशी गेलो. त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा होता. हाक मारताना आवाज फुटेना. शेवटी म्हणालो, ‘‘वहिनी, थोडं दूध मिळेल का? आमचं फाटलं.’’

दार उघडलं. त्या बाहेर आल्या. पातेलं घेतलं, आत गेल्या, अर्ध्यापर्यंत भरून आणलं. भिंतीवर ठेवता-ठेवता माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘खरंच फाटलं जी, का बाबांसारखा गॅस संपला?’’

मला हसू आलं आणि डोळे भरले, दोन्ही एकदम. त्याच दिवशी संध्याकाळी त्यांच्या मुलानं भिंतीवरून रिकामी वाटी पुढे केली. म्हणाला, ‘‘काका, आईनं साखर मागितली आहे.’’ त्यांच्या घरी साखर होती की नव्हती, ते मी विचारलं नाही.

आमच्या मोहल्ल्यापासून जवळच एक तलाव आहे. आम्ही त्याला जुम्मा तालाब म्हणतो, आमचे शेजारी शुक्रवारी तलाव म्हणतात आणि सरकारी कागदावर तो गांधीसागर आहे. तीन नावं, पाणी एकच. मी या शहरात जन्मलो आणि याच शहराच्या मातीत जाणार आहे. दहशतवाद्याला पकडणं पोलिसांचं काम, त्याला शिक्षा करणं न्यायालयाचं. ती कामं त्यांनी चोख करावीत, आणि आपण डोळे उघडे ठेवून त्यांना मदत करावी. पण त्यानंतर जे काम उरतं ते कुठलंही खातं करू शकत नाही. स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या घरात सगळं असताना शेजाऱ्याकडे काहीतरी मागायला जायचं, एवढंच ते काम आहे. आधी कुणी जायचं, हा प्रश्न मात्र विचारत बसू नये. ज्याला तो पडेल त्यानं जावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)